पागेत बसायचं नाही

दिव्यश्री आली ती थेट पागेत शिरली, पहिल्या ठाणातल्या दगडी गव्हाणीवर चढली आणि पाय हलवत बसली.

"दिव्या, उतर खाली," उल्हास म्हणाला. "आज मीटिंग आहे."

"म्हणून तर बसले, अण्णा. आमच्या घरातर्फे बाबा पूर्वीच बसून गेलेत. मला आता इथं हरायला काही शिल्लक नाही."

जयसिंगराव मधल्या वाटेत काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. पुतणीचं बोलणं त्यांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. ही कला त्यांना अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चांगलीच साधली होती.

शेताबाबतचा निर्णय पागेत, उभ्यानं घ्यायचा, ही इंगळ्यांची रीत. ज्यांचा हिस्सा त्या सगळ्यांनी पागेत यायचं, दार लोटायचं आणि एकमत होईपर्यंत उभं राहायचं. जो बसला त्याचं मत गेलं. जो बाहेर पडला त्याचंही गेलं. शेवटी जो उभा राहील त्याचं म्हणणं बाकीच्यांनी मानायचं आणि मुकाट सही करायची. जयसिंगरावांच्या आजोबांनी ही रीत घातली ती म्हणे बैठका लवकर आटोपाव्यात म्हणून. तसं काही झालं नाही. झालं इतकंच, की या घरात शहाण्या माणसांऐवजी मजबूत पोटऱ्यांच्या माणसांचं चालू लागलं. जयसिंगरावांच्या पोटऱ्या उत्तम होत्या. धाकटे भाऊ हणमंतराव एका दुपारी छातीला हात लावून तिसऱ्या खांबाशी खाली बसले आणि महादेवपुऱ्याची जमीन विकायचं ठरलं. त्या जमिनीवर आता काचेची इमारत आहे. हणमंतराव त्यानंतर फार जगले नाहीत. दिव्यश्री तेव्हा कॉलेजात होती. पुढं ती जुन्या इमारतींची डागडुजी करणारी आर्किटेक्ट झाली, आणि इंगळ्यांच्या कुठल्याही समारंभाला जायची ती फक्त जेवायला.

आज तिला चुलत बहीण आसावरीनं बोलावलं होतं. पागा काय चीज आहे ते तू तरी सांग, माझं कुणी ऐकत नाही, असं फोनवर म्हणाली होती.

सुनांनाही मत होतं. इंगळ्यांना याचा फार अभिमान. मात्र सुनांनी सासऱ्याआधी बसायचं, हा अदबीचा भाग होता. त्यामुळे अभिमानाला कधी तोशीस पडली नाही.

स्मिता, जयसिंगरावांची सून, उल्हासची बायको, भिंतीजवळच्या उतारावर उंच टाचांच्या सँडलमध्ये उभी होती आणि तिला हे सगळं हास्यास्पद वाटत होतं. ती पुण्याची. आयटी पार्कमध्ये तिच्या हाताखाली बरीच माणसं होती आणि तिथंही रोज सकाळी उभ्यानं मीटिंग व्हायची.

"आमचा स्टँड-अप पंधरा मिनिटांत संपतो," ती म्हणाली. "त्यात कुणाची जमीन जात नाही."

"नोकरांच्या मीटिंगा तशाच असतात," जयसिंगराव म्हणाले. "सुरू कर रे, उल्हास."

उल्हासची कोरमंगलात दोन रेस्टॉरंटं होती. दोन्हींच्या भिंतींवर जुन्या विटांचे पातळ काप गोंदानं चिकटवले होते आणि गिऱ्हाईकं त्यांच्यापुढं उभं राहून फोटो काढत. खरी जुनी भिंत आपल्याकडं फुकट पडून आहे, ही गोष्ट त्याच्या ध्यानात उशिरा आली. पण आली ती जोरात. लग्नसमारंभ भरवणारी एक कंपनी पागा भाड्यानं घ्यायला तयार होती. तिची माणसं दुपारी होकार घ्यायला येणार होती.

"स्ट्रक्चरला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "फक्त फ्लोअर लेव्हल करायचा. हे दोन्हीकडचे स्टॉल्स आहेत ना, त्यांचे बूथ होतील. फॅमिली बसेल. मधे रॅम्प. वर माळ्यावर ब्रायडल रूम."

"वैरणीच्या माळ्यावर नवरी?" दिव्यश्रीनं वर बघितलं. प्रत्येक गव्हाणीच्या बरोबर वर माळ्याला एक चौकोनी भोक होतं. "मुहूर्त झाला की या भोकातून खाली सोडायची का? गवत तसंच सोडतात. सरळ गव्हाणीत पडतं, घोड्याच्या नाकात कुसळ जात नाही. नवरी पण नीट पडेल."

आसावरी हसली. ती पागेच्या मध्यावर, दगडी पन्हळीच्या दोन बाजूंना पाय रोवून उभी होती. सकाळीच मैसूरहून बसनं परतली होती. पिशवी अजून खांद्याला होती. ती उल्हासची थोरली बहीण. नवऱ्याचं घर सोडून शेतावर आली आणि रेसकोर्सनं टाकलेल्या दोन घोड्यांना आसरा देऊन राहिली. या गोष्टीला घरात कुणी नाव देत नसे. नुसतं 'आसावरी' म्हणायचं आणि सुस्कारा टाकायचा, एवढंच.

"अक्का, हसून काय होणार?" उल्हास म्हणाला. "दोन म्हाताऱ्या घोड्यांसाठी एवढी मोठी इमारत?"

"एका म्हाताऱ्यासाठी एवढं मोठं घर आहेच की."

जयसिंगरावांची काठी दगडावर आपटली. "मी जिवंत आहे अजून."

"म्हणूनच म्हटलं, अप्पा. मेलेल्यांना जागा लागत नाही."

स्मितानं नजर वळवली. सासऱ्याशी असं बोलायची तिची टाप नव्हती आणि इच्छाही नव्हती. पण आसावरीनं बोललेलं ऐकायला बरं वाटायचं, हे ती मनातल्या मनात कबूल करत असे. पाय अवघडले होते. तिनं बाजूच्या दगडी खांबावर हात ठेवला. त्याची कड तिला अपेक्षा होती तशी टोचली नाही. हात वर सरकवला तर डोक्याच्या उंचीला खांब चौकोनी, धारदार. खाली मात्र गोल, साबणाच्या वडीसारखा.

"हे झिजलंय का?"

"घडवलंय," दिव्यश्री म्हणाली. "घोड्याची कूस जिथवर घासते तिथवर गोल. त्याच्या वर गोल करायची गरज नाही, म्हणून मेहनत वाचवलीय. खिडक्या बघा, सगळ्या उंच. वारा येतो, पण बाहेर कुत्रं धावलं तर घोड्याला दिसत नाही, तो बुजत नाही. पश्चिमेला खिडकीच नाही. आणि तुमची टाच ज्यात अडकलीय ना, वहिनी, त्या खाचा मुद्दाम पाडल्यात. नाल घसरू नये म्हणून."

"आणि हा उतार?"

"घोड्याचं मूत पन्हळीत जावं म्हणून. तुम्ही बरोबर वरच्या अंगाला उभ्या आहात. शाबास."

स्मिता एक पाऊल बाजूला झाली. मग वाकून तिनं दोन्ही सँडल काढले आणि हातात घेतले. दगड गार होता.

"तीनशे वर्षं झाली याला," जयसिंगराव म्हणाले. आवाजात अशी भर घातली की जणू पहिला दगड त्यांनीच बसवला होता. "इंगळ्यांचे पन्नास घोडे इथून स्वारीला निघायचे."

"दोड्डप्पा, वर तुळया बघा," दिव्यश्री थोरल्या काकांना म्हणाली. "रेल्वेचे गर्डर आहेत ते. तीनशे वर्षांपूर्वी इथं आनेकलला आगगाडी येत होती का?"

"छत नंतरचं असेल."

"छत भिंतीत गुंतवलेलं आहे. सगळं एकाच वेळचं. तुमचे पणजोबा कँटोनमेंटच्या गोऱ्यांना घोडे पुरवायचे. चांगला धंदा होता, चांगली इमारत बांधली. त्यांना तलवारीची हौस नव्हती. ती तुम्हाला."

जयसिंगरावांच्या डोळ्यांपुढं कंपनीनं दाखवलेलं चित्र होतं: दाराच्या कमानीवर पितळी अक्षरांत त्यांचं नाव आणि खाली दोन आडव्या तलवारी. उल्हासच्या बाजूनं उभं राहायचं त्यांनी त्या तलवारी बघूनच ठरवलं होतं. हे अर्थात कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

"हे बघा, बोलून दाखवण्यापेक्षा मी सॅम्पलच करून ठेवलंय," उल्हास म्हणाला आणि शेवटच्या ठाणापुढची निळी ताडपत्री त्यानं ओढली.

आत खाचांचा दगड नव्हता. उतार नव्हता. त्यावर सिमेंट ओतून रेड ऑक्साइडची लाल जमीन घोटली होती. इतकी चकचकीत की वरच्या दिव्यांची माळ तिच्यात उलटी दिसत होती. गव्हाणीत प्लॅस्टिकची सूर्यफुलं होती.

आसावरी हळू आवाजात म्हणाली, "हे कधी केलंस?"

"तू मैसूरला होतीस तेव्हा. धूळ उडते, तुला त्रास नको म्हणून..."

"हे मंडेचं ठाण आहे."

मंडे म्हणजे आसावरीची घोडी. रेसला तिचं नाव मंडे मॅटिनी होतं. जिंकली कधी नाही, नाव मात्र उरलं.

"घोडीला काय कळतंय? शेजारच्या ठाणात बांध."

"उल्हास," स्मिता म्हणाली, "तू मला सांगितलंस, ताईंना हे माहीत आहे. त्यांनीच जागा दाखवली म्हणालास."

"माहीत होणारच होतं ना आज."

"आणि घोड्यांचं? त्यांना होसूरच्या कुठल्या फार्मवर पाठवायला ताई तयार आहेत, हेही तू सांगितलंस."

"स्मिता, आत्ता नको. घरी बोलू."

तिच्या लग्नातल्या बहुतेक गोष्टी याच वाक्यानं पुढं ढकलल्या गेल्या होत्या. घरी गेल्यावर कुणी काही बोलत नसे.

"तयार?" आसावरी म्हणाली. "अरे, मला विचारलं असतंस तर नाही म्हणाले असते, आणि तुला तेवढंही ऐकायचा धीर नाही. लहानपणी घोड्याला घाबरायचास. आता बहिणीला घाबरतोस. प्रगती आहे."

"पुरे," जयसिंगराव म्हणाले. "बोलून काही होत नाही. उभे राहा. जो राहील तो राहील."

उभे राहिले. उन्हाच्या तिरिपा उंच खिडक्यांतून उतरत होत्या, पण माणसांपर्यंत पोचत नव्हत्या. पागेला माणसांशी कर्तव्य नव्हतं. उल्हास नव्या लाल जमिनीवर उभा राहिला, कारण ती सपाट होती. जयसिंगरावांना पन्हळीच्या काठचा नेमका दगड ठाऊक होता. आयुष्यातल्या सगळ्या लढाया त्यांनी त्या एका दगडावर जिंकल्या होत्या. आसावरी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होती. घोडे उभ्या उभ्या झोपतात तशी. पहाटेपासूनचा प्रवास झालेला, पोटात काही नाही. उल्हासचं लक्ष तिच्या गुडघ्यांवर होतं. स्मितानं ते पाहिलं.

"सुनबाई," काही वेळानं जयसिंगराव गोडीनं म्हणाले, "तू बसलीस तरी चालेल. तुझं मत उल्हासबरोबरच आहे."

"मी बरी आहे, अप्पा."

"आमच्यात सुना..."

"हो, सांगितलंत तुम्ही. लग्नातच."

दिव्यश्रीनं गव्हाणीवरून खाली बघत सफरचंद खायला घेतलं होतं.

तेवढ्यात दार उघडलं. गंगव्वा मजगीचे पेले घेऊन आली. बैठकीत जेवण नसे, पण ताक चालायचं. ती स्वयंपाकाला होती आणि इंगळ्यांच्या बैठकांवर तिचं मत स्पष्ट होतं.

"कुडीरी, कुडीरी, प्या सगळे. उभ्यानं प्यायलं की पोटाला लागत नाही, तरी प्या. आसावरीअक्का, तू बस की ग. सकाळधरनं उपाशी. या बाप्यांना काय, मटण हाणून आलेत."

"गंगव्वा, दार लाव," उल्हास ओरडला.

उशीर झाला होता. दुपारची वैरणीची वेळ होती आणि मंडेला ती सांगावी लागत नसे. करडी, पोट सुटलेली घोडी गंगव्वाच्या मागून आत आली, कुणाकडं न बघता मधल्या वाटेनं निघाली. बाप्ये, बायका, हिस्से, मतं यांच्यामधून ती सरकारी अधिकाऱ्यासारखी चालत गेली आणि आपल्या ठाणाकडं वळली.

"मंडे! नको! थांब!" आसावरी धावली.

उल्हास बाजूला उडी मारून भिंतीला चिकटला. घोडीचा पुढचा पाय लाल जमिनीवर पडला, दुसरा पडला, आणि दोन्ही दोन दिशांना गेले. नाल घासल्याचा एक लांब, घाणेरडा आवाज झाला. मागचे पाय सावरायला आले ते पुढच्यांच्या आधीच निघून गेले. एवढं मोठं जनावर कुशीवर कोसळलं. गव्हाणीतली सूर्यफुलं उडाली. तिनं उठायला पाय झाडले. प्रत्येक झटक्याला टाप गुळगुळीत जमिनीवरून निसटत होती आणि डोकं आपटत होतं.

आसावरीनं पिशवी फेकली, घोडीच्या पाठीकडून गेली आणि मानेशी जमिनीवर बसली. ओढणी तिच्या डोळ्यावर टाकली, दोन्ही हातांनी डोकं मांडीवर दाबून धरलं. "ओगे, ओगे, मंडे. नाही उठायचं. आत्ता नाही. पाय मोडून घेशील."

"बसली!" उल्हास म्हणाला.

शब्द बाहेर पडल्यावर तो त्याच्याच कानावर आला. त्याला तसं म्हणायचं नव्हतं. म्हणजे म्हणायचं होतं. सकाळपासून हा एकच शब्द त्यानं जिभेवर तयार ठेवला होता आणि वेळ आल्यावर तो आपोआप सुटला. आता परत घ्यावा तर कसा, हे त्याला कळेना, आणि जे परत घेता येत नाही ते रेटून न्यायचं हा त्याचा धंद्यातला अनुभव होता.

"अप्पा, तुम्ही पाहिलंत. अक्का बसली."

आसावरीनं मान वर केली नाही. "हो, बसले. घे जा तुझी पागा. आधी पोती आणा कुणीतरी. आणि वाळू."

गंगव्वा पेले तिथंच ठेवून पळाली. उल्हासला शिव्या देत पळाली, सगळ्या कन्नडमध्ये, त्यामुळे स्मिताला निम्म्याच कळल्या.

"दोड्डप्पा," दिव्यश्री म्हणाली. तिनं सफरचंद खाली ठेवलं होतं. "निकाल द्या ना. अक्का बसली की नाही? घोडीसाठी बसलेलं चालतं की नाही? चालत असेल तर छातीत कळ आली म्हणून बसलेलंही चाललं असतं. मला नुसतं ऐकायचंय. त्या काचेच्या इमारतीतलं काही नको मला."

जयसिंगराव उभे होते. आसावरीला सूट दिली तर हणमंताला का दिली नाही, एवढा हा साधा प्रश्न. त्याचं उत्तर पुतणीला ठाऊक होतं, म्हणूनच ती विचारत होती. मुलीचं आयुष्य या दगडांवर होतं हे त्यांना दिसत होतं. भावाच्या कपाळावरचा घामही त्या दिवशी दिसला होता. रीत मोडली तर आजवर रीतीनं मिळालेलं सगळं चोरीचं ठरणार होतं. त्यांनी उल्हासकडं पाहिलं. तो भिंतीला पाठ लावून उभा होता, बूट अजून स्वच्छ होते. कमानीवरच्या तलवारी या पोराच्या हातून बसणार होत्या.

"रीत ती रीत," ते म्हणाले. "आसावरी बसली."

दिव्यश्रीनं मान हलवली. "वाटलंच."

"पुरतं ऐक." त्यांनी काठी स्मिताच्या हातात दिली, लाल जमिनीवर जपून पाऊल टाकलं, आणि घोडीच्या पाठीशी, मुलीच्या शेजारी, गुडघ्यांतून दोन वेळा आवाज काढत खाली बसले. या पागेत त्यांना बसलेलं कुणीच पाहिलं नव्हतं. "डोकं माझ्याकडं दे. तू मागचा पाय बघ. सुजलाय का? मीही बसलो रे, उल्हास. सही कुठं करायची ते सांग."

घोडीचं जड डोकं मांडीवर घेऊन ते तिच्या कानामागं खाजवत राहिले. तिचा श्वास हळूहळू सावकाश झाला.

"इथंच बसला होता तुझा बाप," ते दिव्यश्रीला म्हणाले.

"इथं नाही. पलीकडं, तिसऱ्या खांबाशी."

"हां. तिथं." त्यांनी तिसऱ्या खांबाकडं पाहिलं. "फार दुखत होतं का ग त्याला?"

"ते तेव्हा विचारायचं होतं, दोड्डप्पा. मला काय विचारता? मी इथं नव्हते. तुम्ही होतात."

ते घोडीच्या आयाळीतल्या गाठी सोडवू लागले.

गंगव्वा आणि मल्लाप्पा पोती घेऊन आले. मल्लाप्पा घोड्यांचं बघायचा आणि उल्हासनं सांगितलं म्हणून सिमेंटबद्दल गप्प बसला होता. आसावरीकडं न बघता तो खाली वाकून वाळू पसरू लागला. दिव्यश्री गव्हाणीवरून उतरली आणि घोडीच्या पायांखाली पोती सरकवू लागली. सुजलेलं काही दिसत नव्हतं. खरचटलं होतं, एका ढोपराला रक्त होतं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. उल्हासचा फोनही वाजला.

"आले ते लोक," तो म्हणाला. "मल्लाप्पा, गेट उघड." मग त्याच्या लक्षात आलं की मल्लाप्पाचे दोन्ही हात घोडीच्या पोटाखाली आहेत. "बरं, असू दे. झालंच आहे आता. अक्का बसली, अप्पा बसले. स्मिता, तू बसून घे, म्हणजे संपलं."

"मी का बसू?"

"म्हणजे काय? फॉर्मॅलिटी आहे."

"मी उभी आहे अजून, उल्हास. माझं मत आहे ना? अप्पा, आहे ना माझं मत?"

जयसिंगरावांनी घोडीच्या डोक्यावरून तिच्याकडं पाहिलं. सुनेच्या एका हातात सँडल होते, एका हातात त्यांची काठी. अनवाणी पाय खाचांच्या दगडावर घट्ट रोवलेले. "आहे," ते म्हणाले. "पुष्कळ वर्षं आहे."

"मग माझं म्हणणं, पागा द्यायची नाही. हा सिमेंटचा केक फोडून टाकायचा. घोडे इथंच राहतील."

उल्हास हसला, पण हसू अर्ध्यात थांबलं. "तुझा काय संबंध घोड्यांशी? आजवर हात तरी लावलायस?"

"नाही. मला वास पण सहन होत नाही."

"मग?"

"तुझी बहीण त्या घोडीखाली चिरडली असती आणि तू म्हणालास, 'बसली'." तिनं ते त्याच्याच आवाजात म्हटलं. "घरी बोलू म्हणतोस ना नेहमी? हे घरच आहे ना तुमचं? इथंच बोलू. मी थांबते."

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांब. फोन थांबून परत सुरू झाला.

"स्मिता, लोक गेटवर उभे आहेत."

"मग जा ना."

तो जागचा हलला नाही. बाहेर पडला त्याचं मत गेलं, हे पागेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. घोडीलाही असावं, कारण तीही कान टवकारून शांत पडली होती. गेटकडं जायला उल्हासशिवाय कुणी मोकळं नव्हतं. त्यानं बापाकडं पाहिलं. बाप घोडीच्या आयाळीतल्या गाठी सोडवत होता. त्यानं फोन उचलला, "जस्ट टू मिनिट्स, सर," म्हणाला, आणि पलीकडचं ऐकून त्याचा चेहरा उतरला. त्यांना आणखी एक जागा बघायला जायचं होतं. जागा पुष्कळ होत्या.

"अप्पा, काहीतरी बोला."

"मी बसलोय, बाबा. माझं मत गेलं."

"आता," आसावरी म्हणाली, पण ती त्याच्याशी बोलत नव्हती. "अप्पा, डोकं सोडा. सरका मागं. मंडे, हं, चल."

ओढणी निघाली. घोडीनं मान उचलली, पुढचे पाय वाळूच्या पोत्यांवर लांब केले, एक मोठा हुंकार दिला आणि सगळ्यांना वाळूनं माखत उठून उभी राहिली. थरथरत होती, पण चारही पायांवर होती. आसावरीनं तिच्या खांद्यावर कपाळ टेकलं. तेवढ्यात उल्हासच्या बुटांचा आवाज ऐकू आला. तो आधी चालत, मग जवळजवळ पळत, मधल्या वाटेनं दाराकडं गेला, आणि बाहेर पडला.

गंगव्वानं उपरण्यासारखा पदर खांद्यावर टाकला. "होदा. गेला."

मल्लाप्पा घोडीला शेजारच्या जुन्या ठाणात घेऊन गेला. दिव्यश्रीनं जयसिंगरावांना हात दिला. तो त्यांनी घेतला, पण उठायला त्यांना गंगव्वाचीही मदत लागली. आसावरी लाल जमिनीवरच बसून राहिली.

"स्मिता," ती म्हणाली, "बस ग आता. झालं सगळं."

बाहेरून बोलण्याचा अस्पष्ट आवाज येत होता. उल्हासचा वरचा, विनवणीचा. मग गाडीची दारं लागली, इंजिन सुरू झालं, खडीवर चाकं फिरली. आवाज मोठा न होता लहान होत गेला.

"गेली गाडी," दिव्यश्री म्हणाली. "बसा, वहिनी. आता तुम्हाला कुणी हरवू शकत नाही."

"कळतंय मला," स्मिता म्हणाली. तिच्या पोटऱ्या दुखत होत्या आणि डोळे दारावर होते. "पण त्याला आत येऊन बघू दे."